उरलेल्या आठ गोळ्या

...एक, दोन, तीन — खिशाच्या कापडावरूनच बोट पुढे सरकत गेलं — चार, पाच, सहा, मग पट्टीचा तो दुमडलेला कोपरा, आणि त्याच्या पलीकडे सात, आठ. आहेत. सगळ्या जागेवर आहेत. गोळ्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात, सदरा हँगरवर, हँगर कपाटात पार मागे, बायकोच्या, शर्मिलाच्या, लग्नातल्या पांढऱ्या साडीच्या आड... तिथे कोण हात घालायला येतंय? धम्मपाल तांबेने कपाटाचं दार अलगद लोटलं आणि स्वतःवरच खूश होत मान हलवली. योजना म्हणजे योजना. अशी डॉक्टरीणबाईंना सुचली नसती, कारण त्यांनी कधी न्हावा शेव्याला जहाज लागताना बघितलेलं नाही.

त्याने बघितलं होतं, तेहतीस वर्षं. कंटेनर यार्डात टॅली क्लार्क — आलेल्या पेटीचा नंबर बघायचा, सील शाबूत आहे का बघायचं, वहीत रेघ मारायची, चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. यार्डातलं पहिलं शहाणपण हेच, की जहाज लागायच्या चार दिवस आधी फाटक उघडतं. त्याआधी आणलेला माल नुसता उन्हात पडून राहतो, कुणाच्या कामाचा नसतो. आता हेच गोळ्यांना लावायचं. मेहुण्याच्या पोरीचं, संघप्रियाचं, लग्न एकवीस दिवसांवर. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या दिवसाला दोन, चौदा दिवस. पण दहाव्या दिवशीच पोट असं काही शहाण्यासारखं वागायला लागलं की पुढच्या आठ गोळ्या आत्ता गिळणं म्हणजे जहाजाचा पत्ता नसताना माल धक्क्यावर नेऊन ठेवणं. त्या राखायच्या. लग्नाच्या चार दिवस आधी फाटक उघडायचं, दिवसाला दोन, चोख आठ... हिशेबसुद्धा कसा जागच्या जागी बसतो! जगात अशा गोष्टी उगीच जुळून येत नाहीत, असं त्याला वाटलं आणि बरं वाटलं.

पण आज सकाळपासून तीनदा झालं होतं. आणि घड्याळात आत्ता कुठे दहा वाजत होते.

ते मटकीच्या उसळीमुळे. काल शर्मिलाने मटकी केली होती, आणि तो दोनदा घेऊन जेवला होता. काल पाच, परवा चार... परवापासूनच तर गोळ्या बंद — नाही, पण ते मटकीमुळेच. पंचवीस रुपयांच्या त्या जुन्या यार्डवहीत त्याने तीन उभ्या रेघा मारल्या आणि वही उशीखाली सरकवली. पहिल्या दिवशी चौदा होत्या. चौथ्या दिवशी अकरा, सातव्या दिवशी सहा, दहाव्या दिवशी चार. चार! माणसासारखा माणूस झालो होतो मी. दहाव्या दिवशी पामबीच रोडच्या कडेने अर्धा तास चाललो, आणि एकदाही मान वळवून जवळचा संडास शोधला नाही.

कॅन्सर ही गोष्ट त्या मानाने सोपी होती, असं तो हल्ली बोलून दाखवत नसला तरी मनात म्हणायचा. कॅन्सरला नाव होतं, इभ्रत होती. लोक भेटायला येत, सफरचंदं आणत, खालच्या आवाजात बोलत. दोन वर्षांपूर्वी गुदाशयाचा तो तुकडा काढला, आठ महिने पोटावर पिशवी लावून काढले, मग ती काढून आतडं पुन्हा जोडलं, आणि सोसायटीत शर्मिलाने पेढे वाटले — सुटलो! आणि त्या दिवसापासून खरं सुरू झालं. जायचं, यायचं, हात धुऊन टॉवेलला पुसेपर्यंत पुन्हा जायचं. कधी घाई एवढी की दाराची कडी लावायला सवड नाही, कधी तासभर बसून नुसतं बसणंच. हे कोणाला सांगणार? याला कोण सफरचंद आणणार? आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास... "तांबेकाका," डॉक्टर अस्मिता कागदावर पेनने नळी काढून दाखवत म्हणाल्या होत्या, "गुदाशय म्हणजे वेटिंग रूम. ती आपण काढून टाकली. आता जो येतो तो थेट केबिनमध्ये घुसतो." तो हसला होता. त्यांनी इसबगोल दिलं, जुलाब आवरायच्या गोळ्या दिल्या, खालचे स्नायू आवळायचा व्यायाम शिकवला. तेव्हा नोकरी संपायची होती; तो त्याने कंपनीच्या बसमध्ये बसून चेहरा सरळ ठेवून इमानेइतबारे केला. थोडा फरक पडला. मग एक दिवस एका नळीत फुंकायला लावलं, दर थोड्या वेळाने एक फुंकर, चांगले तीन तास. आणि म्हणाल्या, वरच्या आतड्यात जंतू नको तेवढे माजलेत असं दिसतंय, त्यांच्यामुळेही हे वाढलेलं असू शकतं, अँटिबायोटिकचा एक कोर्स देऊन बघू. "सगळ्यांना लागू पडतं असं नाही हं. पण तुमच्या बाबतीत करून बघण्यासारखं आहे. आणि कोर्स पूर्ण करायचा." हो, हो, म्हणाला होता तो. पूर्णच करतोय की. फक्त मधे थोडं थांबलोय.

फोन वाजला. पोपट, शर्मिलाचा धाकटा भाऊ, नवऱ्या मुलीचा बाप. ट्रेलर चालवून चालवून आवाज असा झालेला की फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागतो.

"भावोजी, पाचला येतो. कार्डाचं प्रूफ आनलंय. प्रिंटरला आज फायनल द्यायचंय."

"ये की."

"तुमचं नाव टाकलंय. संघप्रियाचा हट्टच आहे, लग्न काकांनीच लावायचं. मंगलविधी, बौद्धाचार्य ध. रा. तांबे. बघून घ्या आणि हो म्हना, मग छापतो."

"बघू," धम्मपाल म्हणाला. खरं तर त्याला 'छाप' म्हणायचं होतं. तोंडात आलेलंच होतं. बघू कुठून आलं कोण जाणे.

दोनशेच्या वर लग्नं लावली होती त्याने. प्रशिक्षण घेतलेला, संस्थेचं प्रमाणपत्र असलेला बौद्धाचार्य. रविवार असो, एप्रिलचं ऊन असो, पांढरा सदरा आणि पांढरी पँट घालून तो मंचावर उभा राहिला की मांडवातली पोरंटोरंसुद्धा गप्प होत. त्रिशरण, पंचशील, वंदना, मग वधूवरांच्या प्रतिज्ञा... माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असा आवाज. घणसोलीपासून शिरवण्यापर्यंत आपल्या माणसांत लग्न ठरलं की पहिली तारीख धम्मपालची विचारायची आणि मग हॉलची. आणि मग ते जुईनगरचं लग्न... पिशवी काढून दोन महिने झाले होते. तो सकाळपासून उपाशी राहिला होता, म्हणजे काही यायचा प्रश्नच नाही असं समजून. पंचशील चालू असताना पहिल्यांदा उठला. दोन मिनिटांत परत आला, लोकांनी डोळे मिटलेलेच होते. पुन्हा उठला. तिसऱ्यांदा उठेपर्यंत उशीर झाला होता, आणि पँट पांढरी होती... मंचाच्या मागच्या जिन्याने, स्वयंपाक्यांच्या दाराने तो बाहेर पडला. नशीब म्हणून दारातच रिक्षा उभी होती, नशीब म्हणूनच सीटवर वर्तमानपत्र पसरलेलं होतं, आणि रिक्षावाला असा देवमाणूस की कुठे जायचं तेही न विचारता त्याने सानपाड्याच्या दिशेने गाडी काढली. उरलेला विधी दुसऱ्या कोणीतरी पार पाडला. "चक्कर आली," त्याने नंतर सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली. कोणी काही विचारलं नाही. पँट त्याने स्वतः धुतली, तीनदा, आणि त्या दिवसानंतर तो मंचावर चढला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्याने चप्पल घातली. कशासाठी, ते शर्मिलाला सांगितलं नाही. खाली जाऊन येतो म्हणाला. खाली म्हणजे कोपऱ्यावरच्या मानसिंगच्या मेडिकलमध्ये. जाताना त्याच्या डोक्यात नकाशा आपोआप उघडला. सव्वा वर्षात नवी मुंबईचा असा नकाशा कोणा इंजिनियरकडे नसेल: बँकेतला आहे पण वॉचमन विचारतो, पेट्रोल पंपावरचा चालतो पण पाणी नाही, स्टेशनातला ठीक, हॉटेलातला उत्तम पण चहा मागवावा लागतो. दहाव्या दिवशी हा नकाशा मिटला होता. आज पुन्हा उघडला हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने मटकीला मनातल्या मनात एक शिवी दिली.

"मानसिंगभाई, एक विचारायचं होतं. आमच्या ओळखीचा एक मानूस आहे..."

"बोला ना साब."

"त्याला अँटिबायोटिक दिल्यात. बरं वाटलं म्हनून त्याने थोड्या गोळ्या ठेवून दिल्या. पुढे एक कार्यक्रम आहे, तेव्हा घेनार. चालतं ना?"

मानसिंगने चष्म्यावरून बघितलं. याच दुकानातून, याच माणसाला, त्याने स्वतःच्या हाताने अठ्ठावीस गोळ्या दिल्या होत्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. धम्मपालला आपले कान तापल्याचं कळलं.

"साब, अँटिबायोटिक काय लोणचं आहे? बरणीत भरून ठेवायचं, पाहुणे आले की काढायचं?" मानसिंग हळूच म्हणाला. "अर्धे जंतू मारून सोडले तर उरलेले जास्त मस्ती करनार. तुमच्या त्या मानसाला बोला, आजच डॉक्टरला फोन कर."

"सांगतो त्याला," धम्मपाल म्हणाला, आणि नेमकी तेव्हाच पोटात ती ओळखीची वळवळ झाली.

दुकान ते बिल्डिंगचं फाटक एकशे चाळीस पावलं. आवळ, सोडू नकोस, श्वास घे. डॉक्टरांनी शिकवलेलं सगळं आठवत तो चालला — धावायचं नाही, धावलं की संपलंच — फाटकातल्या वॉचमनने नमस्कार केला तर त्याने फक्त भुवया उचलल्या. लिफ्ट सहाव्या मजल्यावर. अर्थात सहाव्या मजल्यावरच, कारण त्याला ती हवी होती. पाच... चार... आणि या सगळ्यात त्याला आपले बाबा आठवले. संध्याकाळी चाळीच्या खोलीत मेणबत्ती लावून वंदना म्हणताना बाबांचा सूर मधे तुटला, कोणी हाक मारली, खोकला आला, की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. "मधेच तुटलं तर ते नाय चालत," म्हणायचे, "पयल्यापासून." गोदीत दिवसभर राबून आलेला माणूस, तीन-तीनदा पहिल्यापासून. धम्मपालनेही तेच धरलं होतं. गेलं वर्षभर तो घरात रोज संध्याकाळी वंदनेला बसत होता, रोज बुद्धवंदनेच्या पुढे कुठेतरी उठावं लागत होतं, आणि रोज पहिल्यापासून. वर्षभरात शेवट एकदाही आला नव्हता. लिफ्ट आली. सहाव्या मजल्यावर दार उघडंच होतं, शर्मिलाने त्याला खिडकीतून येताना बघून उघडून ठेवलेलं. पोचला. थोडक्यात, पण पोचला.

बाहेर आला तेव्हा पांढरा सदरा इस्त्रीच्या टेबलावर पसरलेला होता. आणि सदऱ्यावर, बरोबर मधोमध, ती पट्टी.

"पोपट येनार म्हनून म्हटलं सदरा काढून ठेवू, होकार देताना अंगात घालाल," शर्मिला म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, हे जास्त वाईट. "हे काय आहे?"

त्याने सांगितलं. जहाज, फाटक, चार दिवस, आठ गोळ्या. सांगताना त्याला स्वतःलाच ते सकाळी वाटलं होतं तेवढं शहाणपणाचं वाटेना, तरी त्याने नेटाने शेवटपर्यंत नेलं.

"पोट म्हंजे काय यार्ड आहे?" ती म्हणाली. "आनि तुमी मला नाय सांगितलं. आठ महिने ती पिशवी मी बदलली तुमची. आनि गोळ्या माझ्याच साडीमागे लपवता?"

तिचे डोळे भरले होते आणि ती इस्त्रीची वायर उगीचच गुंडाळत होती. त्याला फार वाईट वाटलं. कॅन्सरचा रिपोर्ट हातात आला तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं. त्याने फोन काढला, आणि तिच्यासमोर बसूनच डॉक्टर अस्मितांना मेसेज लिहिला, एक शब्दही न लपवता. दोन दिवस बंद, आज पुन्हा वाढलंय, आठ शिल्लक. पाठवला. दीड तासाने उत्तर आलं. काका, थांबवायच्या नव्हत्या. आजपासून उरलेल्या सुरू करा, आठही संपवा. मंगळवारी येऊन भेटा. लग्नाच्या दिवसाचं काय करायचं ते आपण वेगळं ठरवू, त्यासाठी दुसरे उपाय आहेत. आणि शेवटी: हमी मी देऊ शकत नाही, पण तयारी नक्की करून देऊ.

शर्मिलाने पाणी आणलं. पट्टीतून गोळी निघताना टक् असा आवाज झाला. राहिल्या सात. राखून ठेवलेलं काहीच आता उरणार नव्हतं, चार दिवसांनी पट्टी नुसती कागदाची होईल, आणि एकविसावा दिवस आपल्या पायांनी यायचा तेव्हा येईल. विचित्र होतं, पण त्याला हातात काही नसल्याची भीती वाटण्याऐवजी फक्त भूक लागली. तो दहीभात जेवला.

पाचला पोपट आला. घामाने भिजलेला, बगलेत प्रूफचं पाकीट, पाकिटावर हळदीचे नाही तर ग्रीसचे डाग. प्रूफ पिवळसर कागदावर होतं, आणि खाली, बारीक अक्षरात, ते नाव.

"पोपट, ऐक," धम्मपाल म्हणाला. वर्षभर तोंडाशी येऊन गिळलेलं वाक्य होतं ते. "मला मधेच उठावं लागेल कदाचित. जुईनगरला मला चक्कर आली नव्हती."

पोपटने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "माहितीये."

"काय माहितीये?"

"भावोजी... रिक्षात पेपर मी पसरलावता." तो जमिनीकडे बघत बोलत होता, आणि त्याचा तो यार्डभर ऐकू जाणारा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "रिक्षा संघप्रियाने आनली. तुमी दुसऱ्यांदा उठला तेव्हाच तिच्या ध्यानात आलं. मला म्हनाली, पप्पा, मागच्या दाराला जा, कोनाला येऊ देऊ नका. मी तिथंच हुभा होतो. स्वयंपाकी पन आत घेतले सगळे."

शर्मिला स्वयंपाकघराच्या दारात थबकली होती. धम्मपालला आधी प्रचंड राग आला — कोणाचा, ते कळेना — मग कान, गाल, मान, सगळं शरमेने पेटलं, आणि मग ते पेटणं हळूहळू विझत गेलं तसं खाली काहीतरी रिकामं, हलकं लागलं. म्हणजे रिक्षावाल्याला पत्ता माहीत होता. म्हणजे वर्षभर ही मूठ मी एवढी आवळून धरली, बोटं दुखेस्तोवर, आणि ती तर पहिल्या दिवसापासून उघडीच होती. ज्या मुलीने ते बघितलं, तीच म्हणते आहे की लग्न काकांनीच लावायचं.

"आनि उठायला लागलं तर उठा की," पोपटला आता पुन्हा आवाज सापडला. "नवरा कुठं टायमावर येनारे? तासभर त्याच्यासाठी बसतात लोक, पाच मिन्टं तुमच्यासाठी बसतील. माईकवर सांगून टाकू, दोन मिनिटं सगळ्यांनी डोळे मिटून बसा म्हनून."

धम्मपाल हसला. मोठ्याने, पोट हलेपर्यंत. असं हसायचं त्याने पोटाच्या भीतीने बंद केलं होतं, हे त्याला हसतानाच कळलं. त्याने पोपटच्या खिशातलं पेन काढून घेतलं, प्रूफवरचं 'ध. रा.' खोडलं आणि त्याच्या डोक्यावर ठसठशीत अक्षरात पूर्ण नाव लिहिलं. धम्मपाल रामजी तांबे. "असं छाप," तो म्हणाला.

पोपट गेल्यावर त्याने सदरा घातला. इस्त्री अर्धीच झाली होती, डावी बाही चुरगळलेलीच राहिली, पण त्याला आत्ताच घालावासा वाटला. प्रतिमांपुढे मेणबत्ती लावली, उदबत्ती लावली, चटई टाकली. रोज ती दाराशी टाकायचा, संडास तीन पावलांवर पडेल अशी, आज त्याने ती सरळ प्रतिमांच्या समोर टाकली. शर्मिला मागे येऊन बसली. त्रिशरण. पंचशील. आवाज सुरुवातीला जरा घोगरा आला, मग मोकळा झाला, खिडकीतून बाहेर जाईल एवढा झाला. बुद्धवंदना संपली. धम्मवंदना सुरू झाली, दोन ओळी झाल्या, आणि पोटात वळवळ आली.

गोळीने एका दुपारात काय होणार होतं? काहीच नाही. कदाचित आठ गोळ्यांनीही नाही. मंगळवारी डॉक्टर काहीतरी सांगतील, ते करून बघायचं. तो उठला. घाईने नाही. शर्मिलाने मान वळवली नाही, ती हात जोडून तशीच बसून राहिली. कडी लावली, काढली, हात धुतले, साबणाने, नीट, टॉवेलला पुसले. आरशात पांढरा सदरा दिसला. वहीत रेघ मारायची राहिली, हे त्याच्या लक्षात आलं, आणि राहू दे, असंही वाटलं.

परत आला तेव्हा मेणबत्ती बोटभर कमी झाली होती. तो बसला, हात जोडले, आणि सवयीने जीभ पहिल्या ओळीकडे वळली... पयल्यापासून, बाबा म्हणाले. बाबा, आज नाही, तो मनात म्हणाला, आज मला शेवटपर्यंत जायचंय. लोक बसलेले असतील, एकविसाव्या दिवशीही बसलेले असतील, डोळे मिटून. धम्मवंदनेच्या दोन ओळी झाल्या होत्या. त्याने श्वास घेतला आणि तिसऱ्या ओळीपासून पुढे म्हणायला सुरुवात केली.